स्वस्त तिकीट आणि राखीव संच

नागपूरहून कोराडी मागे टाकून खापरखेड्याकडे वळले की आधी औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, गाव नंतर. २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा एक, असे १,३४० मेगावॅटचे हे महानिर्मितीचे केंद्र. इथल्या चहाच्या टपरीवर पीएलएफची, म्हणजे संच क्षमतेच्या किती टक्के चालला याची, चर्चा क्रिकेटच्या स्कोअरइतकी सहज होते. कोणता संच ट्रिप झाला, कोणता ओव्हरहॉलला गेला, कोळशाच्या किती रेक आल्या, हे विचारायला इथे इंजिनिअर असावे लागत नाही. नवरा पाळीवर असलेल्या बाईलाही ते ठाऊक असते.

याच वसाहतीतली पुढची पिढी आता पुण्यात आहे. हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात. आईवडील भंडारा, गोंदिया, बालाघाटकडून एसटीने इथे नोकरीला आले. मुले शिकून पुण्याला गेली. दिवाळी आली की गाड्यांचे आरक्षण उघडताच संपते आणि ट्रॅव्हल्सवाले मागतील तो भाव घेतात. १० ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत धावू लागली, पण तिलाही बारा तास लागतात. विमानाला सव्वा-दीड तास. त्यामुळे विमानाचे तिकीट ही खापरखेड्याच्या घरात आता चैन उरलेली नाही, ती सणाच्या खर्चातली एक ठरलेली बाब झाली आहे. ते तिकीट स्वस्त कसे होते आणि स्वस्त का राहत नाही, हा प्रश्न म्हणूनच इथल्या माणसाचाही आहे. खरे तर त्याचे उत्तर समजून घ्यायला खापरखेड्याइतकी चांगली जागा नाही.

वीज केंद्राचे गणित इथे सगळ्यांना पाठ असते. संच उभारायला पैसा लागला तो लागला. कर्जाचे व्याज, घसारा, पगार, हे संच चालला तरी द्यायचे आणि बंद राहिला तरी द्यायचे. म्हणून तो वर्षात जितके जास्त तास चालेल, तितका दर युनिट विजेवरचा हा बोजा कमी होतो. विमानाचेही तसेच. धावपट्टीशेजारी उभे असलेले विमान म्हणजे बंद पडलेला संच: कमाई शून्य, हप्ता चालू.

कमी भाड्याची विमानसेवा म्हटले की लोकांना आठवते ते जेवण न मिळणे, अरुंद आसने आणि सामानाचे वेगळे पैसे. यातून बचत होते, पण ती किरकोळ. सँडविच वाचवून कोणतीही कंपनी वीस वर्षे टिकत नाही. खरी बचत होते ती वेळेची, आणि ती पाहायची तर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर काचेपाशी अर्धा तास उभे राहावे.

पुण्याचे विमान येऊन थांबते. चाकांना अडसर लागतात. पुढचे-मागचे दोन्ही दरवाजे उघडतात आणि इंडिगोचे विमान असेल तर पायऱ्यांच्या शिडीऐवजी उताराचा रॅम्प लागतो. त्यावरून चाकाची खुर्चीही उतरते आणि चाकाची बॅग ओढणारा माणूसही पायरी न चुकता भराभर उतरतो. उतरण्याआधीच हवाई सुंदरी पिशवी घेऊन रांगेतून फिरलेली असते आणि कागद, पेले गोळा झालेले असतात. शेवटचा प्रवासी उतरला की तेच कर्मचारी आसनांचे पट्टे सरळ करतात, खाली पडलेले उचलतात. पोटातून सामान निघत असते, दुसऱ्या बाजूने इंधनाची गाडी लागलेली असते. गेटवर परतीचे प्रवासी आधीच रांगेत उभे. साधारण अर्ध्या तासात तेच विमान मागे ढकलले जाते.

हा अर्धा तास म्हणजे या सगळ्या धंद्याचा कणा आहे. एक विमान दिवसात सहा फेऱ्या करते असे धरा. सहा फेऱ्यांच्या मध्ये पाच थांबे. प्रत्येक थांब्याला तासाऐवजी अर्धा तास लागला तर दिवसाचे अडीच तास वाचतात, म्हणजे नागपूर-मुंबईची आणखी एक फेरी सहज बसते. १८० आसनांच्या विमानाची एक जास्तीची फेरी, तीही त्याच हप्त्यात. अशी शंभर विमाने आणि ३६५ दिवस धरले की आकडा किती होतो, ते ज्याचे त्याने मांडून पाहावे.

ही युक्ती भारतात जन्मली नाही. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये साउथवेस्ट एअरलाइन्सने जून १९७१ मध्ये डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन शहरांमध्ये उड्डाणे सुरू केली. पुढच्याच वर्षी पैशांची इतकी तंगी आली की चारपैकी एक विमान विकावे लागले. वेळापत्रक मात्र चार विमानांचेच ठेवायचे होते. मग जमिनीवरच्या माणसांनी दहा मिनिटांत विमान रिकामे करून, भरून परत पाठवण्याचे मनावर घेतले आणि तीन विमानांत चार विमानांचे काम काढले. जगभरच्या स्वस्त विमानसेवेचे मूळ या अडचणीत आहे. पुढे युरोपात रायनएअरने हाच नेम आणखी कडक केला.

आता प्रश्न असा की ही युक्ती इतकी उघड असताना दुसऱ्यांना ती का जमत नाही? हार्वर्डचे मायकेल पोर्टर यांनी १९९६ मध्ये व्यूहनीतीवरच्या आपल्या गाजलेल्या लेखात याच साउथवेस्टचे उदाहरण घेतले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: स्पर्धक एक गोष्ट उचलू शकतो, पण एकमेकींत अडकलेल्या दहा गोष्टी एकत्र उचलणे त्याला झेपत नाही. जेवण नाही म्हणून साफसफाई कमी, साफसफाई कमी म्हणून थांबा छोटा, थांबा छोटा म्हणून फेऱ्या जास्त, फेऱ्या जास्त म्हणून भाडे कमी, भाडे कमी म्हणून आसने भरलेली. एक कडी काढली की साखळी तुटते. काँटिनेंटल या मोठ्या अमेरिकी कंपनीने १९९३ मध्ये ‘लाइट’ नावाने असाच स्वस्त विभाग काढला, पण जुन्या सवयी, जुने खर्च आणि प्रवाशांना दिलेल्या जुन्या सवलती तशाच ठेवल्या. दोन वर्षांत तो गुंडाळावा लागला.

आपल्याकडे हेच मोठ्या प्रमाणावर घडले. जेट एअरवेजने २००७ मध्ये १,४५० कोटी रुपयांना एअर सहारा विकत घेतली, तिचे नाव जेटलाइट केले, पुढे जेट कनेक्ट नावाचा तिसरा प्रकार आणला. एकाच कंपनीत गरम जेवण देणारी सेवाही आणि न देणारीही. प्रवाशाला आपण कशात बसलो आहोत ते कळेना आणि खर्च तर मोठ्या सेवेचाच राहिला. दोन दगडांवर पाय ठेवून उभ्या राहिलेल्या जेटचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ ला उडाले. किंगफिशरने एअर डेक्कन घेतली, तिला ‘किंगफिशर रेड’ केले आणि २०१२ मध्ये सगळेच जमिनीवर आले.

एअर डेक्कनबद्दल मात्र कृतज्ञतेने दोन शब्द लिहायला हवेत. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये ती सुरू केली तेव्हा विमान ही साहेबलोकांची वस्तू होती. त्यांनी आपल्या कंपनीची ओळख म्हणून आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ निवडला. धोतर आणि चौकटीचा कोट घातलेला तो माणूस विमानावर दिसला आणि लाखो लोकांना पहिल्यांदा वाटले की आपणही आत जाऊ शकतो. काही आसने एक रुपयाला विकली गेली. त्यांच्या आत्मकथेवर बेतलेल्या ‘सरफिरा’ या २०२४ च्या हिंदी चित्रपटात नायकाला मराठी करून त्याचे आडनाव म्हात्रे ठेवले आहे. पण चित्रपट जिथे संपतो तिथून खरी गोष्ट सुरू होते. भाडे स्वस्त करणे एअर डेक्कनला जमले, खर्च स्वस्त करणे जमले नाही. ज्या आसनाला हजारो रुपये खर्च येतो ते एक रुपयाला विकून गिऱ्हाईक मिळते, टिकाव लागत नाही.

ते दुसरे काम इंडिगोने केले, आणि त्याची तयारी पहिले विमान उडण्याआधीच झाली होती. राहुल भाटिया आणि अमेरिकेतल्या यूएस एअरवेजचे माजी प्रमुख राकेश गंगवाल यांनी जून २००५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात एअरबसकडे एकदम १०० विमानांची मागणी नोंदवली. तेव्हा कंपनीकडे एकही विमान नव्हते. पहिले उड्डाण झाले ४ ऑगस्ट २००६ ला, दिल्लीहून गुवाहाटीमार्गे इंफाळला. इतक्या घाऊक खरेदीवर भरघोस सूट मिळते, हे नागपूरच्या इतवारीतल्या किराणा व्यापाऱ्यालाही सांगावे लागणार नाही. सवलतीत घेतलेले विमान भाड्याने विमाने देणाऱ्या कंपनीला विकायचे, तेच तिच्याकडून काही वर्षांच्या करारावर वापरायला घ्यायचे आणि मोठ्या दुरुस्तीची वेळ येण्याआधी परत करून नवे घ्यायचे, अशी ती पद्धत. ताफा कायम तरुण राहतो. दुरुस्ती कमी, बिघाड कमी, इंधनही कमी.

इंधनाची गोष्ट खापरखेड्याला वेगळी समजावून सांगायला नको. कोळसा सगळ्यांना जवळपास एकाच भावाने मिळतो, पण कोराडीचा ६६० मेगावॅटचा नवा संच एका युनिटसाठी जुन्या २१० मेगावॅटच्या संचापेक्षा कमी कोळसा जाळतो, म्हणून तो मेरिट ऑर्डरमध्ये, म्हणजे स्वस्त वीज आधी घेण्याच्या यादीत, वर राहतो. विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा ३५ ते ४० टक्के असतो. ते जीएसटीत नाही, त्यावर राज्याराज्याचा व्हॅट वेगळा. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. असा कर एकाच विमानतळावर इंधन भरणाऱ्या सर्वांना सारखाच लागतो. फरक पडतो तो इंजिनात. एअरबसच्या ‘निओ’ विमानांना आधीच्या विमानांपेक्षा सुमारे १५ टक्के इंधन कमी लागते. अशी विमाने ज्याने आधी आणि जास्त मागवली, त्याची आघाडी दर फेरीला वाढत गेली.

सगळा ताफा एकाच जातीचा ठेवण्याचेही फायदे मोठे. वैमानिक कोणत्याही विमानावर बसू शकतो, सुट्या भागांचा साठा एकच, मेकॅनिकचे शिक्षण एकच. इंडिगोने पहिली अकरा वर्षे ए-३२० या एकाच कुळातली विमाने चालवली. पण सगळ्या शेतात एकच वाण पेरणाऱ्याचे काय होते, ते विदर्भाने २०१७ च्या बोंडअळीत पाहिले आहे. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या इंजिनांत दोष निघाला तेव्हा इंडिगोची सत्तरहून अधिक विमाने उभी राहिली. तिच्या गाठीला रोकड होती म्हणून ती तरली. तशीच विमाने आणि तशीच इंजिने असलेली गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. पद्धत तीच होती, फक्त अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवलेला पैसा नव्हता. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

भाड्याचे काय? खापरखेड्याहून नागपूरला जाणारी काळी-पिवळी टॅक्सी भरल्याशिवाय हलत नाही. एक सीट बाकी असली तरी चालक हाका मारत उभा. विमानाला असे थांबता येत नाही. सुटण्याची वेळ झाली की रिकामे आसन नासलेल्या भाजीसारखे, त्याची किंमत शून्य. म्हणून विमान भरण्याचे काम भाडे करते. महिनाभर आधीचे आसन स्वस्त, आदल्या दिवशीचे महाग. लवकर ठरवू शकणाऱ्याला फायदा, अचानक जावे लागणाऱ्याला भुर्दंड. घरात कुणी गेले म्हणून रात्री तिकीट काढणारा माणूस सगळ्यांत जास्त पैसे देतो, हे या पद्धतीतले सर्वांत टोचणारे सत्य आहे.

आणि सामान. दिवाळीनंतर परत निघालेल्या मुलीच्या बॅगेत चिवडा, अनारसे, संत्रा बर्फीचे दोन डबे आणि वर्षभराचे तिखट असते. काट्यावर बॅग १७ किलो भरते आणि मर्यादा १५ ची. मग काउंटरपाशी बॅग उघडून डबा हातात घेतला जातो, कारण हातातल्या बॅगेला सात किलो वेगळे. आईने जड स्टीलच्या डब्यात का भरले, यावर तिथल्या तिथे फोनही होतो. कंपनी इथे छळते असे प्रवाशाला वाटते, पण सामान न घेऊन जाणाऱ्याच्या तिकिटात दुसऱ्याच्या डब्याचे वजन धरायचे नाही, हे तत्त्व मुळात रास्तच आहे. अन्याय तेव्हा होतो जेव्हा एकेक गोष्ट वेगळी विकत विकत शेवटी स्वस्त तिकीटही महाग पडते आणि प्रवाशाकडे जायला दुसरी कंपनी नसते.

नागपूरकरांच्या मनात विमानसेवेची एक जुनी जखमही आहे. १९४९ मध्ये संचार मंत्री रफी अहमद किडवई यांनी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू करवली. जे.आर.डी. टाटांचा विरोध असतानाही. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईहून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावला उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. अमेरिकेत फेडेक्सने मेंफिसला हीच रचना उभी केली ती १९७३ मध्ये, म्हणजे चोवीस वर्षांनंतर. म्हणून मिहान या विमानतळालगतच्या मालवाहतूक आणि उद्योग प्रकल्पाची घोषणा झाली तेव्हा नागपूर पुन्हा देशाचे हवाई केंद्र होणार, असे सर्वांनी धरून चालले. देशाचा मध्य दाखवणारा झिरो माइलचा दगड इथेच तर आहे. बोइंगने बांधून दिलेले एअर इंडियाचे देखभाल केंद्र मिहानमध्ये आले, कामही करते. प्रवाशांचे केंद्र मात्र झाले नाही. कारण स्वस्त विमानसेवा मुळात थेट एका गावाहून दुसऱ्या गावी जाते. मध्ये बदलायला थांबणे तिला परवडत नाही, त्यात तिचे विमान उभे राहते. नकाशावर मध्यभागी असणे हा १९४९ च्या विमानासाठी फायदा होता. आज पाच तास सलग उडणाऱ्या विमानाला नागपूर वाटेत लागत नाही. विदर्भाच्या नेत्यांनी मध्यवर्ती स्थानाचे पालुपद सोडून आता मागायला हवीत ती रात्री इथे मुक्कामाला राहून पहाटे निघणारी विमाने.

अनुदानाने अशी विमाने मिळतील असेही मानू नये. लहान शहरांच्या विमानसेवेला अनुदान देणाऱ्या उडान योजनेचा हेतू चांगला. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान सुटले तेव्हा साऱ्या वऱ्हाडाला आनंद झाला. पण महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये सांगितले आहे की या योजनेत तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान सुरूच झाले नाही. जो मार्ग स्वतःच्या खर्चात बसत नाही, तो अनुदानाची मुदत संपली की सहसा बंद पडतो.

आतापर्यंतचे सगळे शिस्तीचे कौतुक होते आणि ते मनापासून आहे. देशातल्या मध्यमवर्गाला या शिस्तीने आकाश दाखवले. पण खापरखेड्याच्या माणसाला आणखी एक गोष्ट माहीत असते: स्वस्त वस्तूची उरलेली किंमत कुणीतरी, कुठेतरी मोजत असतो. विजेचा दर कमी राहतो आणि राख वारेगावच्या बाजूला साठते. उन्हाळ्यात वारा सुटला की ती शेतात, विहिरीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर येते. बिलावर तिचा उल्लेख नसतो.

विमानाच्या तिकिटावर वैमानिकाच्या झोपेचाही उल्लेख नसतो. १७ ऑगस्ट २०२३ ला नागपूर विमानतळावर पुण्याचे विमान घेऊन जाणारा एक वैमानिक बोर्डिंग गेटपाशी कोसळला आणि रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. नियमानुसार विश्रांती त्याला मिळाली होती, आणि त्या मृत्यूचा कामाच्या ताणाशी थेट संबंध जोडणे योग्य नाही. मात्र त्या दिवसानंतर थकव्याचा प्रश्न देशभर बोलला जाऊ लागला. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम काढले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास आणि रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा. कंपन्यांनी मुदत मागितली, वैमानिक दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी १ नोव्हेंबर २०२५ पासून नियमांचा दुसरा टप्पा लागू झाला.

म्हणजे तयारीला जवळपास दोन वर्षे होती. तरी डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगो कोलमडली. एकट्या ५ डिसेंबरला तिची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर बॅगांचे ढीग, लग्नाला निघालेली कुटुंबे, परीक्षेला निघालेली मुले, आणि उरलेल्या कंपन्यांची गगनाला भिडलेली भाडी. सरकारला ६ डिसेंबरला भाड्यांवर कमाल मर्यादा घालावी लागली. नागपूर-पुणे आणि नागपूर-मुंबई या दोन्ही मार्गांना ५०० ते १,००० किलोमीटरच्या टप्प्यातली १२,००० रुपयांची मर्यादा लागू झाली. कंपनीला वेळापत्रक १० टक्क्यांनी कापायला सांगितले आणि त्याच वेळी तिला विश्रांतीच्या काही नियमांतून फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूटही दिली गेली. ही सूट लज्जास्पद होती. नियम पाळायची तयारी न केलेल्या कंपनीसाठी नियमच बाजूला ठेवले गेले, कारण तिला थांबवले तर देश थांबत होता.

दोष स्वस्त विमानसेवेच्या पद्धतीचा म्हणावा का? अर्धाच. माणसे आणि विमाने घट्ट बांधून चालवणे हा तिचा गुण आहे, पण त्या गुणाचा अतिरेक झाला की एक गाठ सुटताच सगळे सुटते. डिसेंबर २०२२ मध्ये साउथवेस्टचेही असेच झाले होते. नाताळच्या वादळात तिची सोळा हजारांहून जास्त उड्डाणे रद्द झाली. इतरांची विमाने दोन दिवसांत सावरली, हिला आठवडा लागला, कारण कोणता वैमानिक कुठे अडकला आहे हे तिच्या जुन्या संगणक यंत्रणेला सांगता येईना.

वीज क्षेत्राने हा धडा केव्हाच घेतला आहे. खापरखेड्याचा ५०० मेगावॅटचा संच आत्ता ट्रिप झाला, तर कळव्याच्या भार प्रेषण केंद्रात क्षणात दिसते आणि दुसरीकडचे संच भार उचलतात. नागपूरच्या सदर भागातल्या दुकानात पंखाही थांबत नाही. हे आपोआप घडत नाही. त्यासाठी काही क्षमता मुद्दाम हातची ठेवलेली असते, तिचा खर्च दरात धरलेला असतो आणि नियामक तो मान्य करतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेल्यानंतर राखीव क्षमतेबद्दलची शिस्त आणखी वाढली. आकाशात अशी शिस्त नाही. किती वैमानिक राखीव ठेवायचे हे प्रत्येक कंपनी आपल्या नफ्याकडे पाहून ठरवते. इंडिगोसारखी, जिच्याकडे देशातले साठ टक्क्यांच्या आसपास प्रवासी आहेत, ती कंपनी आता निव्वळ एक कंपनी राहिलेली नाही, ती ग्रिडचा मोठा हिस्सा आहे. एअर इंडिया समूह धरला तर दहापैकी नऊ प्रवासी दोघांकडेच. ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेली अकासा अजून लहान आहे.

इथे या लेखाचे स्पष्ट मत आहे. इंडिगोला तोडावे, तिच्यावर कायमची भाडेमर्यादा घालावी, अशा सूचना ऐकू येतात, त्या चुकीच्या आहेत. भाडे बांधून दिले की पहाटेची आणि आडवेळची फेरी आधी बंद होईल, आणि ती नागपूरची असेल, दिल्लीची नाही. तिने आघाडी मेहनतीने कमावली आहे. करायच्या गोष्टी दोनच. पहिली: वेळापत्रक मंजूर करताना महासंचालनालयाने प्रत्येक कंपनीकडून विमानामागे किती वैमानिक आहेत आणि त्यातले किती राखीव, हे लेखी घ्यावे, जाहीर करावे आणि आकडा कमी असेल तर तितकी उड्डाणे मंजूरच करू नयेत. त्याने तिकीट थोडे महाग होईल. होऊ द्यावे. विजेच्या बिलातही आपण राखीव क्षमतेचे पैसे भरतोच. दुसरी: ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावर सकाळ-संध्याकाळच्या मोक्याच्या वेळा नव्या आणि लहान कंपन्यांसाठी राखून ठेवाव्यात. मुंबईत उतरायला वेळच मिळत नसेल तर नागपूरहून दुसरी कंपनी उडणार कशी?

नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ हे पुण्याचे खासदार आहेत. नागपूर-पुणे विमानात कोण बसते आणि दिवाळीत त्याला काय मोजावे लागते, हे त्यांना सांगायला नको. विमानांचे उन्हाळी वेळापत्रक दरवर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होते आणि विदर्भातली लग्नसराई त्यानंतरच रंगात येते. राखीव वैमानिकांचा आकडा प्रवाशांसमोर यायचा तो त्या तारखेच्या आधी आला पाहिजे, आणि तो मागण्यासाठी विदर्भाच्या खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून एकत्र पत्र द्यावे.